स्पॅनिश साहित्याचं प्राध्यापक व्हायचं असेल तर: पगार भाषेवर, बढती साहित्यावर

प्रश्न विचारणाऱ्या मुलीने स्वतःबद्दल दिलेली माहिती अशी: वय २४, नाशिकची, बी.कॉम. झालेली, सध्या पुण्यातल्या एका कंपनीत स्पॅनिश बोलणाऱ्या ग्राहकांचे फोन आणि मेल सांभाळते. डेले या स्पॅनिशच्या अधिकृत परीक्षेची बी-टू पातळी झाली आहे, सी-वनची तयारी चालू आहे. वर्षभरापूर्वी ‘लाथारियो दे तोर्मेस’ ही सोळाव्या शतकातली छोटी कादंबरी मूळ स्पॅनिशमध्ये वाचली आणि तेव्हापासून स्पॅनिश साहित्याचं प्राध्यापक व्हायचं मनाने घेतलं आहे. तिचे प्रश्न तीन. पीएच.डी. स्पेनमध्ये करावी, अमेरिकेत की दिल्लीत? कायमची नोकरी हातात पडेपर्यंत किती वर्षं जातात? आणि ज्यांची ती मातृभाषाच आहे असे उमेदवार रांगेत असताना नाशिकच्या मुलीला कोण घेणार?

मी गेली एकोणीस वर्षं अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात स्पॅनिश भाषा आणि साहित्य शिकवते. सुरुवात पुण्यातल्या संध्याकाळच्या वर्गात झाली, एम.ए. दिल्लीला केलं, पीएच.डी. अमेरिकेत. माझा विषय सतराव्या शतकातली नाटकं आणि ती छापणारे छापखाने. विभागाच्या निवड समितीवर मी चार वेळा बसले आहे, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत. अमेरिकेबद्दल जे सांगते ते स्वतः भोगलेलं आणि केलेलं. स्पेन आणि भारताबद्दलचं तिथे काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींकडून आणि दर एक-दोन वर्षांनी होणाऱ्या जाण्यायेण्यातून कळलेलं. हा फरक लक्षात ठेवून वाचा.

तुम्ही देशाचा प्रश्न पहिला ठेवलात. मी तो तिसरा ठेवेन. तुमच्या प्रश्नात परीक्षांबद्दल चार ओळी आहेत आणि पुस्तकाबद्दल एक. त्या एका ओळीपाशी मी थांबले. स्पॅनिश येणं आणि स्पॅनिश साहित्यावर आयुष्य काढणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि या पेशात दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी करावी लागतात. पगार मिळतो भाषा शिकवण्याबद्दल. बढती मिळते साहित्यावर काय लिहिलं त्यावरून. ज्यांना यातलं एकच आवडतं ती माणसं पाच-सात वर्षांत थकतात. मी असे हुशार सहकारी जाताना पाहिलेत आणि दर वेळी वाटलं, यांना हे पंचविशीच्या आत कोणीतरी सांगायला हवं होतं. म्हणून तुम्हाला सांगते आहे.

आधी भाषेची बाजू. अमेरिकेत मॉडर्न लँग्वेज असोसिएशन ही संस्था दर काही वर्षांनी भाषांच्या वर्गांतली नोंदणी मोजते. २०१६ साली कॉलेज-विद्यापीठांत स्पॅनिशची नोंदणी सात लाखांच्या वर होती, २०२१ मध्ये ती सहा लाखांच्या खाली आली. तरीही बाकी सगळ्या परदेशी भाषा मिळून जेवढे विद्यार्थी, जवळजवळ तेवढे एकट्या स्पॅनिशला आहेत. यातले बहुतेक सगळे पहिल्या चार सत्रांत असतात. त्यांना शिक्षक लागतात, त्या शिक्षकांच्या गरजेतून विभागाला पैसा मिळतो, आणि त्या पैशातूनच पीएच.डी.च्या मुलांचं विद्यावेतन निघतं. लोपे दे वेगा या जुन्या नाटककारावर प्रबंध लिहिणारी मुलगी सकाळी नऊ वाजता अठरा वर्षांच्या मुलांना ‘असणे’ या अर्थाच्या ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांतला फरक शिकवत असते. मी ते सहा वर्षं केलं आणि अजूनही दर वर्षी एक वर्ग तरी तसा असतोच.

इथे मराठी माणसाला एक गंमतशीर फायदा आहे, तो आवर्जून सांगते. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना ‘मे गुस्ता’ ही रचना महिनोन्‌महिने पचत नाही. मला आवडतं म्हणजे कर्ता ‘मी’ असणार, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं असतं की आंबे अनेक झाले तर क्रियापद का बदलायचं हे त्यांना कळत नाही. आपल्याला ते शिकावंच लागत नाही. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. शब्दाला शब्द बसतो. मी वर्गात फळ्यावर मराठी वाक्य देवनागरीत लिहिते, खाली स्पॅनिश लिहिते आणि बाण काढते. जगात असा विचार करणारी दुसरीही भाषा आहे हे पाहिलं की मुलांचा हट्ट सुटतो. हा प्रसंग मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठीही राखून ठेवला आहे, पुढे येईलच.

आता साहित्याची बाजू. अमेरिकेतल्या पीएच.डी.ची घडण साधारण अशी असते: दोन-अडीच वर्षं अभ्यासक्रम, मग व्यापक परीक्षा, मग प्रबंधाचा आराखडा, मग प्रबंध. एकूण पाच ते सात वर्षं. व्यापक परीक्षेसाठी वाचनाची यादी हातात देतात. ‘सिद’चं महाकाव्य, ‘ला सेलेस्तिना’, १५५४ चं ‘लाथारियो’, गार्सिलासो, सान हुआन दे ला क्रुस, सेर्व्हान्तेसच्या ‘डॉन किखोते’चे (इंग्रजीतला ‘डॉन क्विक्झोट’) १६०५ आणि १६१५ चे दोन्ही भाग, लोपे, काल्देरॉन, गोंगोरा, केवेदो, मग थेट गाल्दोस, क्लारीन, उनामुनो, लॉर्का, शिवाय अटलांटिकच्या पलीकडची सोर हुआनापासून पुढची सगळी रांग. विभागानुसार यादी लहानमोठी होते, पण शंभराच्या आत क्वचितच असते. हे नुसतं वाचायचं नसतं. प्रत्येकावर कोणी काय म्हटलं आणि त्यात तुम्हाला काय पटत नाही हे चार प्राध्यापकांसमोर बसून स्पॅनिशमध्ये सांगायचं असतं. माझ्या परीक्षेआधीचे सात महिने मी पहाटे चारला उठत होते. ते दिवस कठीण होते असं मी म्हणत नाही, कारण एवढं सलग आणि निर्धास्त वाचन त्यानंतर आयुष्यात पुन्हा मिळालं नाही.

मग येतो विषय निवडायचा प्रश्न. तुम्ही भारतीय म्हटल्यावर लोक तुम्हाला हळूच एका दिशेला ढकलतात: टागोर आणि स्पॅनिश कवी हुआन रामोन हिमेनेस, टागोर आणि अर्जेंटिनाच्या लेखिका व्हिक्तोरिया ओकाम्पो, मेक्सिकन कवी ऑक्ताव्हियो पाझ आणि भारत. विषय चांगलेच आहेत. पाझ १९६२ ते १९६८ दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते, लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. पण ते स्वतःला आवडलं म्हणून घ्या, अपेक्षा आहे म्हणून नको. मलाही तसंच सुचवलं गेलं होतं. मी ऐकलं नाही, आणि त्याला एक नाटक कारणीभूत झालं.

बायकांना फसवत फिरणाऱ्या डॉन हुआनची गोष्ट जगाला माहीत आहे. तिचं पहिलं प्रसिद्ध नाटक ‘एल बुर्लादोर दे सेविया’, परंपरेने तिर्सो दे मोलिनाचं मानलं जाणारं, १६३० च्या एका बारा नाटकांच्या संग्रहात छापलेलं आहे. मुखपृष्ठावर गाव बार्सिलोना. प्रत्यक्षात ते छापलं सेव्हिलमध्ये. हा खोटेपणा कशासाठी? तर १६२५ मध्ये स्पेनमधल्या कास्तीलच्या राज्यात नाटकं आणि कादंबऱ्या छापायचे परवाने देणं बंद झालं. तरुणांची नीती बिघडते हे कारण. ही बंदी १६३४ पर्यंत चालली. सेव्हिल कास्तीलमध्ये, बार्सिलोना आरागोनच्या राजसत्तेखाली, तिथे बंदी लागू नव्हती. म्हणून सेव्हिलचे मुद्रक दुसऱ्या गावाचं नाव टाकून नाटकं छापायचे. हे उघडकीला कसं आलं? अक्षरांचे खिळे आणि नक्षीचे ठसे यांवरून. मी पहिल्यांदा माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बसले तेव्हा हातात फक्त शिसपेन्सिल होती, पेन आत नेऊ देत नाहीत. समोर दोन पुस्तकं. एकाच्या शेवटी फुलांची एक नक्षी होती, तिच्या डाव्या देठाला केसाएवढी चीर. दुसऱ्या पुस्तकातल्या त्याच नक्षीला तीच चीर, पण जराशी रुंदावलेली. म्हणजे लाकडाचा ठसा एकच आणि दुसरं पुस्तक नंतरचं. भिंगातून ती चीर पाहताना माझं पुढच्या पंधरा वर्षांचं काम ठरलं. तुमच्या बाबतीत अशी चीर कुठे दिसेल हे मी सांगू शकत नाही. पण ती दिसल्याशिवाय विषय पक्का करू नका, एवढं कळकळीने सांगते.

विषयाचा संबंध नोकरीशीही आहे, आणि त्याला थोडा इतिहास आहे. अमेरिकेत हा पेशा जुना. हार्वर्डला जॉर्ज टिकनॉर १८१९ पासून फ्रेंच आणि स्पॅनिश साहित्य शिकवू लागले आणि १८४९ मध्ये त्यांनी स्पॅनिश साहित्याचा तीन खंडी इतिहास काढला. पण विभाग फुगले ते पहिल्या महायुद्धात. जर्मनचे वर्ग ओस पडले, मुलं स्पॅनिशकडे वळली. १९१६ मध्ये स्पॅनिश अभ्यासक फेदेरिको दे ओनीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आले, १९१७ मध्ये स्पॅनिश शिक्षकांची राष्ट्रीय संघटना झाली. मग स्पेनचं यादवी युद्ध आणि त्यामुळे देश सोडलेली माणसं: कवी पेद्रो सालिनास आणि होर्हे गियेन वेल्सली कॉलेजात, इतिहासकार अमेरिको कास्त्रो प्रिन्स्टनला. एक पिढीभर अमेरिकेतल्या विभागांचं हृदय स्पेनचं होतं. क्युबाच्या क्रांतीनंतर वारं फिरलं, लॅटिन अमेरिकेकडे सगळ्यांचं लक्ष गेलं आणि ‘नवी कादंबरी’ जगभर पोचली. आजच्या जाहिरातींत लॅटिन अमेरिकन आणि अमेरिकेतलं लॅटिनो साहित्य यांच्या जागा जास्त असतात. निव्वळ मध्ययुगीन स्पेनची जागा निघाली तर आम्ही एकमेकांना फोन करून सांगतो, इतकी ती दुर्मीळ. सोळावं-सतरावं शतक अजून टिकून आहे, पण उमेदवाराला मेक्सिको, लिमा, मनिला इथपर्यंत हात पोचवता आला पाहिजे. ‘लाथारियो’ आवडलं म्हणून ते सोडून द्या असं मी म्हणणार नाही. त्याच काळात राहून खिडक्या दुसरीकडेही उघडा, असं म्हणेन.

जागा मिळवण्याची रीत अशी. जाहिराती सप्टेंबरमध्ये यायला लागतात. अर्जासोबत पत्र, शैक्षणिक वृत्तांत, अध्यापनाबद्दलचं निवेदन, लिखाणाचा नमुना आणि तीन शिफारसपत्रं. पहिली मुलाखत आता पडद्यावर होते. आमच्या वेळी ती मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, हॉटेलच्या खोलीत व्हायची. २०११ पासून अधिवेशन जानेवारीत भरतं. त्यातून तीन-चार जणांना दोन दिवस विद्यापीठात बोलावतात: संशोधनावर व्याख्यान, एक वर्ग घेऊन दाखवणं, अधिष्ठात्यांची भेट आणि समितीबरोबर जेवणं. जेवणं हीसुद्धा मुलाखतच असते.

पहिल्या वर्षी मी चौतीस अर्ज केले. दोन ठिकाणी बोलावणं आलं, नोकरी मिळाली नाही. एका ठिकाणी जेवताना मला विचारलं गेलं की भारतीय मुलगी स्पॅनिश शिकवते हे आमच्या विद्यार्थ्यांना कसं वाटेल. मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला कितीतरी वर्षं टोचत राहिलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात एका वर्षाची हंगामी नेमणूक मिळाली, त्यानंतर ही नोकरी. म्हणजे पदवीनंतरचं एक वर्ष अधांतरी गेलं. माझ्या वर्गातल्या काहींची चार-पाच वर्षं तशी गेली, काहींनी पेशा सोडला नाही पण कायम तासिका तत्त्वावर राहिले: सत्राला इतके वर्ग, वर्गाला इतके पैसे, उन्हाळ्यात काही नाही. हे टाळण्याचा हमखास उपाय माझ्याकडे नाही. मी उमेदवारी केली त्यापेक्षा आज जागा कमी आहेत. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने परदेशी भाषांच्या पदव्याच बंद करायचं ठरवलं, स्पॅनिश आणि चिनीचे थोडे वर्ग तेवढे उरले. ती बातमी वाचल्यावर आमच्या विभागात दोन दिवस कोणी मोठ्याने बोललं नव्हतं.

कायमस्वरूपी मार्गावरची नोकरी मिळाली की नेमणूक पक्की करायची की नाही हे ठरवायला सहाव्या वर्षी तुमची फाईल उघडते. बाहेरच्या विद्यापीठांतले पाच-सहा तज्ज्ञ तुमचं लिखाण वाचून मत देतात. संशोधनप्रधान विद्यापीठात एक पुस्तक अपेक्षित असतं, आमच्यासारख्या ठिकाणी चांगल्या नियतकालिकांतले काही लेख चालतात, आणि लहान कॉलेजात अध्यापनाला वजन जास्त. सत्राला दोन वर्ग की चार, यावर तुमचं लिखाण होणार की नाही ते ठरतं. जाहिरातीत पगाराआधी हा आकडा बघा.

आता मातृभाषेचा प्रश्न. हो, भेद होतो. तोंडावर क्वचितच कोणी म्हणतं, पण होतो. तरी समितीवर बसल्यावर मला जे दिसलं ते सांगते. आम्ही उमेदवाराला वर्ग घ्यायला लावतो तेव्हा ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांतले काही जण ‘आम्ही असंच म्हणतो’ यावर थांबतात. ज्याने ती भाषा नियम, चुका, घोकंपट्टी करत मिळवली आहे त्याला मूल कुठे अडखळणार हे आधीच माहीत असतं. वर सांगितलेला आंब्याचा फळा मी माझ्या मुलाखतीच्या वर्गात वापरला होता. मागे बसलेल्या समितीतले दोघे ते उतरवून घेत होते. मात्र यासाठी तुमचं स्पॅनिश सी-टूच्या, म्हणजे परीक्षेतल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, पुढे गेलेलं असावं लागतं. फोनवर ग्राहकाशी उत्तम बोलणं वेगळं, आणि काल्देरॉनच्या एका कडव्यावर वीस मिनिटं न अडखळता बोलणं वेगळं.

शिवाय वर्गात जी मुलं येतात ती आता बदलली आहेत. माझ्या साहित्याच्या वर्गातली निम्मी मुलं घरी स्पॅनिश बोलतात. आई-बाप मेक्सिकोचे, ग्वातेमालाचे. शाळेत त्यांना सांगितलेलं असतं की तुमचं स्पॅनिश अशुद्ध आहे. एक मुलगा होता, आजी-आजोबा न्यू मेक्सिकोच्या डोंगरातले. तो ‘मी आणलं’ याला ‘त्राखे’ न म्हणता ‘त्रुखे’ म्हणायचा आणि लगेच जीभ चावायचा. आम्ही ‘किखोते’ वाचत होतो. ओळीवर बोट ठेवून तो थांबला. तिथे ‘त्रुखे’ छापलेलं होतं. चारशे वर्षांपूर्वीचं. पुढच्या पानावर ‘मिस्मो’ऐवजी ‘मेस्मो’, तेही त्याच्या आजीसारखं. त्याने वर्गातून बाहेर जाऊन आजीला फोन लावला. तंजावरच्या मराठी माणसाच्या तोंडी एखादा जुना शब्द ऐकला की आपल्याला जसं होतं, तसंच काहीसं. भाषा आणि साहित्य ही दोन कामं आहेत असं मी वर म्हटलं. अशा एखाद्या सकाळी ती एक होतात, आणि मी या नोकरीत टिकले ती अशा सकाळींमुळे.

आता देश. स्पेनमध्ये स्पॅनिश साहित्य हा मातृभाषेचा विषय आहे. पुणे विद्यापीठात मराठीचा प्राध्यापक व्हायला बाहेरून कोणी आलं तर त्याच्यासमोर जे उभं राहील ते तिथे तुमच्यासमोर राहील. शिक्षण मात्र उत्कृष्ट. मास्टर एका वर्षाचं, पीएच.डी.चं शुल्क अमेरिकेच्या मानाने अगदी थोडं, ग्रंथालयं दाराशी. पुढची शिडी वेगळी: २०२३ च्या नव्या विद्यापीठ कायद्यानुसार ‘आयुदांते दोक्तोर’ हा सहा वर्षांचा करार, मग २००२ मध्ये स्थापन झालेल्या आनेका या मूल्यमापन संस्थेची मान्यता मिळवून ‘तितुलार’ हे कायमचं पद आणि शेवटी ‘कातेद्रातिको’ हे सर्वांत वरचं प्राध्यापकपद. वरची ही पदं सरकारी सेवेतली, त्यामुळे युरोपबाहेरच्या माणसाला नागरिकत्वाची अडचण येते. कंत्राटी पण कायमचं असं दुसरं पद आहे, बाहेरचे लोक बहुधा त्या वाटेने जातात. दर सहा वर्षांनी संशोधनाचं मूल्यमापन होतं, त्याला ‘सेक्सेनियो’ म्हणतात, आणि तिथल्या मैत्रिणींचं सगळं वेळापत्रक त्याभोवती फिरतं. स्पेनमध्ये या पेशाची दारं बायकांना किती उशिरा उघडली तेही जाणून ठेवा. कादंबरीकार एमिलिया पार्दो बाथान यांना माद्रिदच्या विद्यापीठात अध्यासन मिळालं १९१६ मध्ये, वयाच्या चौसष्टीत, तेही प्राध्यापकमंडळाचा विरोध डावलून सरकारने नेमलं म्हणून.

भारतात साहित्याच्या पातळीवर स्पॅनिश शिकवणारी ठिकाणं मोजकी: दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ, जामिया, आणि हैदराबादचं इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ ही त्यांतली प्रमुख. प्राध्यापकपदासाठी लागणारी नेट परीक्षा स्पॅनिश विषयात देता येते. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, म्हणजे नोकरी चांगली. पण कायमच्या जागा क्वचित निघतात आणि दरम्यान अनेक जण अतिथी म्हणून शिकवत राहतात. महाराष्ट्रात बहुतेक काम भाषेचं आहे, साहित्याचं नाही. तरीही भारतात राहून मोठं काम होतं. दिल्ली विद्यापीठात शिकवलेल्या विभा मौर्य यांनी ‘डॉन किखोते’ थेट स्पॅनिशवरून हिंदीत आणलं, हे इंग्रजीची मध्यस्थी न घेता झालेलं काम आहे. मराठीत असं करणारी माणसं आपल्याला अजून पुष्कळ हवी आहेत, आणि ती माणसं भारतातूनच यायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

आतापर्यंतचं थोडक्यात, तुमच्या तीन प्रश्नांच्या क्रमाने. देश: शिक्षणासाठी स्पेन उत्तम, पूर्ण विद्यावेतनासह पीएच.डी. आणि नंतर बाहेरच्या माणसाला नोकरीची शक्यता यांसाठी अमेरिका, आणि भारतात राहायचंच असेल तर दिल्ली किंवा हैदराबाद. वर्षं: आजपासून एम.ए.ची दोन, पीएच.डी.ची सहा, अधांतरी एक ते तीन, आणि अमेरिकेत पक्की नेमणूक व्हायला आणखी सहा. चाळिशी गाठाल. मातृभाषा: अडचण आहे, पण भेदता येणारी.

तुमच्या परिस्थितीत मी काय केलं असतं? बी.कॉम.वरून थेट पीएच.डी.चा विचार सोडून आधी साहित्याचं एम.ए. केलं असतं. तीन वर्षांची भारतीय पदवी अमेरिकेत काही विद्यापीठांना अपुरी वाटते, एम.ए. झाल्यावर तो प्रश्नही मिटतो. भारतात प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघा. अमेरिकेतल्या काही सरकारी विद्यापीठांत एम.ए.लाही अध्यापनाच्या बदल्यात शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळतं, त्यांचे अर्ज डिसेंबर-जानेवारीत भरायचे असतात आणि मिळालेली जागा घेणार की नाही हा तुमचा निर्णय बहुधा १५ एप्रिलपर्यंत कळवायचा असतो. एक गोष्ट मात्र कोणाचंही ऐकून करू नका: या विषयासाठी कर्ज काढून, विद्यावेतनाशिवाय पीएच.डी.ला जाऊ नका. प्रवेश दिला पण पैसे दिले नाहीत, तर त्या विभागाने तुम्हाला नकार दिला आहे असं समजा आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा. घरच्यांचं घर गहाण पडलेली मुलं मी पाहिली आहेत. व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, ते अर्जाच्या वर्षी नव्याने तपासा.

सध्याची नोकरी लगेच सोडू नका. रोज आठ तास कोलंबिया, पेरू, स्पेन अशा ठिकठिकाणच्या लोकांचं स्पॅनिश कानावर पडतं, त्याला वर्गात किंमत आहे. कोण कुठला शब्द कसा वापरतो याची वही ठेवा.

आणि अर्जासाठी लागतो तो लिखाणाचा नमुना, स्पॅनिशमध्ये पंधरा-वीस पानांचा. त्याची सुरुवात या आठवड्यात करता येईल. ‘लाथारियो’ पुन्हा काढा. सालामांकाच्या पुलावरच्या दगडी बैलाला कान लाव म्हणून आंधळा मालक त्या पोराला, म्हणजे लाथारोला, सांगतो आणि त्याचं डोकं बैलावर आपटतो, तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. तो बैल अजूनही पुलाच्या तोंडाशी उभा आहे. पण सुरुवात त्याहून आधीपासून करा, प्रस्तावनेपासून. ही सगळी गोष्ट लाथारो कोणाला तरी पत्रातून सांगतो आहे. त्या माणसाला तो आदराने संबोधतो, त्याचं नाव कुठेच येत नाही, आणि त्याने विचारलेलं ‘प्रकरण’ काय होतं ते शेवटच्या भागापर्यंत उलगडत नाही. हा माणूस कोण, त्याला हे जाणून का घ्यायचंय, आणि लाथारो त्याच्यापासून काय लपवतो? कोणाचं काही न वाचता, स्वतःला दिसतं तेवढंच, दोन पानं स्पॅनिशमध्ये लिहा. तिसऱ्या पानाचं स्वतःहून सुचलं तर इथेच टाका. मी वाचेन, आणि चुका दाखवेन.